यक्षाची रजा

मेघदूत हे पावसाचे काव्य आहे, असे आपण शाळेच्या बाकावर ऐकले आणि पुढे कोणी ते पुन्हा तपासून पाहिले नाही. आषाढ लागला की वर्तमानपत्रांना कालिदासाची आठवण होते. रामटेकला समारंभ होतो, आणि इकडे छत्तीसगडात सरगुजा जिल्ह्यातील रामगडावरही त्याच दिवसांत महोत्सव भरतो. दोन्हीकडे व्याख्याने होतात, वक्ते ढगांकडे बोट दाखवितात, श्रोते छत्र्या मिटून टाळ्या वाजवितात, आणि त्यानंतर वर्षभर कवीला कोणी विचारीत नाही. या समारंभांविषयी माझी तक्रार नाही. परंतु काव्याच्या आरंभी जो महिना येतो तोच त्या काव्याचा ऋतू असे धरून चालणे, म्हणजे अर्जावरची तारीख वाचावी आणि अर्जातली मागणी वाचूच नये, असा प्रकार आहे. मेघदूताचा अर्ज आषाढात लिहिलेला आहे हे खरे. त्यात जे मागितले आहे ते मात्र शरदातले आहे.

उत्तरमेघाच्या शेवटाकडे यक्ष पत्नीला जो निरोप धाडतो त्याचा आशय असा: विष्णू शेषशय्येवरून उठतील त्या दिवशी माझा शाप संपेल, राहिलेले चार महिने कसे तरी काढ, मग या ताटातुटीत जे जे मनात साठले ते आपण शरदातल्या पिकल्या चांदण्याच्या रात्री पुरे करू. विष्णू उठतात ती कार्तिक शुद्ध एकादशी. म्हणजे तो पाऊस, त्या नद्या, ती विदिशा आणि ती उज्जयिनी, हा सगळा पसारा ज्या एका मुक्कामासाठी मांडला आहे तो मुक्काम कार्तिकातला आहे. तो येतो एका ओळीपुरता, आणि तोही भविष्यकाळात. रसिकांनी सहज ओलांडून पुढे जावे अशी ही ओळ. पण परप्रांतात नोकरीनिमित्त राहणाऱ्या माणसाची नजर नेमकी तेथेच अडते.

माझी ती का अडली, याचे कारण खाजगी आहे. ते एकदा सांगून टाकतो. मी रायपूरजवळ उरला येथे केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकून आहे. उरला ही औद्योगिक वसाहत. लोखंडाचे कारखाने आणि रोलिंग मिल यांच्या सान्निध्यात सकाळी तुळशीच्या पानावरून बोट फिरविले तर बोट काळे होते, आणि ऋतू बदलल्याचे कळते ते धूर कोणत्या बाजूला वळतो यावरून. पत्नी वर्ध्याला शाळेत शिक्षिका आहे. तिची नोकरी सोडवत नाही, माझी बदली होत नाही. चार वर्षे आमचा संसार रेल्वेच्या वेळापत्रकावर चालला आहे. गेल्या कार्तिकात तिच्या दिवाळीच्या सुट्टीचे शेवटचे दिवस आणि माझी अर्जित रजा यांचा योग जुळला, मुख्यालय सोडण्याची परवानगीही वेळेवर हाती पडली, आणि आम्ही आठ दिवस सरगुज्याच्या डोंगरात काढले. बरोबर मल्लिनाथाच्या टीकेसह छापलेली मेघदूताची प्रत होती. तेथे ते काव्य जसे वाचले गेले त्याविषयी हा लेख आहे. प्रवासाचे वर्णन त्यात येईल, पण लागेल तेवढेच.

यक्ष हा कुबेराचा सेवक. म्हणजे आजच्या भाषेत खजिना खात्यातला माणूस. कामात कसूर झाली म्हणून धन्याने त्याला वर्षभर घरापासून तोडले आणि त्याचे अधिकार काढून घेतले. कसूर कोणती, हे कवी सांगत नाही. मागाहून आलेल्यांनी ती जागा भरण्यासाठी कथा रचल्या. मला कवीचे मौन अधिक पटते. बदलीच्या हुकमात कारण लिहिलेले नसते, आणि ज्याची बदली झाली त्याला ते विचारून काही उपयोग नसतो. आठ महिने रामगिरीवर काढल्यावर त्याच्या मनगटावरचे कडे गळून पडले आहे. अशा अवस्थेत तो ढग पाहतो आणि लगेच हिशेब करू लागतो.

या हिशेबावर टीकाकारांत जुना वाद आहे. आषाढ शुद्ध प्रतिपदेला मेघ दिसला असे धरले तर कार्तिकी एकादशीपर्यंत चार महिने आणि वर दहा दिवस होतात. यक्ष मात्र चारच महिने राहिले असे सांगतो. म्हणून काश्मिरी टीकाकार वल्लभदेवाने 'प्रथम' याच्या ठिकाणी 'प्रशम' हा पाठ घेतला, म्हणजे महिन्याचा पहिला दिवस नव्हे तर अखेरचा. उत्तरेकडच्या रीतीने महिना पौर्णिमेला संपतो. तेव्हा आषाढी पौर्णिमेपासून मोजले तर चार महिन्यांना जेमतेम चार दिवस कमी पडतात. मल्लिनाथाला हे मान्य नाही. तो 'प्रथम' हाच पाठ ठेवतो आणि दहा दिवसांचे आधिक्य कवीला विवक्षित नाही, एवढे म्हणून विषय संपवितो.

विद्वानांच्या या भांडणात कारकुनाने पडू नये हे मला कळते. पण दिवस मोजणे हा आमचा धंदा आहे, म्हणून एक मत नोंदवितो. वल्लभदेवाचे गणित चोख आहे, आणि कोणत्याही लेखापालाने त्याच्याच बाजूने शेरा मारला असता. तरीही मल्लिनाथ बरोबर आहे असे मला वाटते, आणि तेही त्याने दिलेल्या कारणाहून वेगळ्या कारणासाठी. घरी पत्र लिहिणारा माणूस दिवस नेहमी कमी करूनच सांगतो. 'चार महिने राहिले' असे लिहिताना वरचे दहा दिवस त्याला ठाऊक असतात. ते तो आपल्याजवळ ठेवून घेतो. खजिन्यातला सेवक, ज्याचे आयुष्य मोजदादीत गेले, तो पत्नीला निरोप देताना दहा दिवस गाळतो, यात मला कवीची अचूकता दिसते. आणि पलीकडे पत्नीही मोजतेच आहे. उंबरठ्यावर फुले मांडून ती राहिलेले महिने गणते, असे यक्ष मेघाला सांगतो. आमच्या वर्ध्याच्या घरी फुलांच्या ठिकाणी कालनिर्णयाच्या चौकटीत पेन्सिलीची फुली असते, एवढाच फरक.

आता स्थळाचा प्रश्न. वा. वि. मिराशी यांनी 'कालिदास' (१९३४) या ग्रंथात रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक असे प्रतिपादन केले, आणि मराठी वाचकाने ते बहुधा एकमताने स्वीकारले. इकडे सरगुज्यात लोक तितक्याच निष्ठेने रामगड दाखवितात. मेघाने उत्तरेकडे जाताना आम्रकूट गाठावयाचा आहे. आम्रकूट म्हणजे अमरकंटक असे मानले तर रामगडावरून तो पश्चिमेला, किंबहुना थोडा दक्षिणेकडेच राहतो, आणि रामटेकवरून ईशान्येला. तेव्हा नकाशा पुढे ठेवला की दोन्ही पक्षांना थोडी ओढाताण करावी लागते. माझा कौल, मोलाचा नसला तरी, मिराशींना आहे. पण या वादात एक तिसरी टेकडी उगाचच मनात येते. नागपूरकर भोसल्यांच्या घराण्यातले बिंबाजी अठराव्या शतकात छत्तीसगडच्या कारभारासाठी रतनपूरला येऊन राहिले, आणि १७८७ साली वारले तेही इकडेच. तेथे टेकडीवर त्यांनी राममंदिर बांधले; त्या टेकडीला आजही रामटेकरी म्हणतात. रामटेकजवळचा माणूस दूरच्या मुलखात जातो आणि तेथील टेकडीला तेच नाव लागते! दसऱ्याला सोने वाटण्याची चालही त्यांनीच इकडे आणली असे सांगतात. रामगिरी कोठे आहे याचे एक उत्तर असेही देता येईल की, ज्याला घर सोडावे लागले तो आपल्याबरोबर एक रामगिरी घेऊन निघतो.

मेघदूताच्या मराठी अनुवादकांची परंपरा कृष्णशास्त्री चिपळूणकरांपासून कुसुमाग्रज आणि शांता शेळके यांच्यापर्यंत येते. त्यांत चिंतामणराव देशमुखांचे नाव मला विशेष वाटते. मध्य प्रांताच्या सनदी सेवेत त्यांनी उमेदीची वर्षे घालविली, आणि रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर (१९४३ ते १९४९). कुबेराच्या सेवकाचे गाऱ्हाणे मराठीत आणावयाचे ते अशाच माणसाने! असो.

रामगड अंबिकापूरहून बिलासपूरच्या रस्त्याला उदयपूरजवळ आहे. रायपूरहून रात्रीची गाडी सकाळी अंबिकापूरला सोडते, पुढे बस. आषाढात जेथे मंडप असतो तेथे कार्तिकात आम्ही दोघे आणि शेळ्या राखणारा एक मुलगा, एवढीच वर्दळ होती. हाथीपोळ नावाच्या नैसर्गिक बोगद्यात पाणी ठिबकत होते. वर सीताबेंगरा आणि जोगीमारा या दोन गुहा. सीताबेंगऱ्यात प्राचीन काळी नाट्यप्रयोग होत असावेत असे अनुमान आहे. जोगीमाऱ्यात ब्राह्मी लिपीतला लहानसा लेख आहे, इसवी सनापूर्वीच्या शतकांतला. सुतनुका नावाच्या देवदासीवर वाराणसीच्या देवदिन्नाने प्रेम केले, एवढाच त्याचा मजकूर. देवदिन्नाच्या नावापुढे जो शब्द आहे त्याच्या अर्थाविषयी मतभेद आहेत. कोणी मूर्तिकार म्हणतात, कोणी चित्रकार. कोणीही असो, तो वाराणसी सोडून या रानात कामासाठी आला होता. कालिदासाने हा लेख पाहिला असे म्हणण्यास काहीही आधार नाही, आणि असली अनुमाने करणाऱ्यांचा मला कंटाळा येतो. पण यक्षही शिळेवर गेरूने पत्नीचे चित्र काढतो आणि डोळे भरून आल्यामुळे ते त्याला पुरते पाहता येत नाही, हा प्रसंग त्या गुहेच्या तोंडाशी बसून वाचला, तेव्हा दगडावर लिहिण्याची गरज कोणाला पडते हे निराळे समजावून घ्यावे लागले नाही.

यानंतर ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहीत आहे तो येतो. अलका ही यक्षाची नगरी. तिचे वर्णन आपण सौंदर्याचे शिखर म्हणून वाचतो. तेथील स्त्रियांच्या हातात कमळ असते, केसांत कुंद, चेहऱ्यावर लोध्राचा पराग, अंबाड्यात कुरबक, कानावर शिरीष आणि भांगात नीप. सहा फुले सहा ऋतूंची, आणि ती एकाच वेळी! नगरीबाहेरच्या उद्यानात शंकराचा मुक्काम आहे, त्याच्या मस्तकावरच्या चंद्राने तेथील वाडे उजळलेले असतात. म्हणजे अलकेत ऋतू बदलत नाहीत आणि चांदणे मावळत नाही. आता प्रश्न असा की, ज्याच्या घरी बारा महिने चांदणे आहे, तो शरदाच्या चांदण्याची मागणी का करतो? 'चांदण्यात भेटू' एवढे म्हणून भागले असते. शरदाचे, आणि तेही पिकलेले, हे विशेषण त्याने कोठून आणले?

माझे उत्तर असे आहे की, ते त्याने रामगिरीवर मिळविले. अलकेत असताना त्याला ऋतू ठाऊक नव्हते, कारण तेथे काही संपतच नव्हते. शिक्षा म्हणून तो जेथे आला तेथे उन्हाळा सरतो, पाऊस येतो, पाऊस जातो, आणि मग आकाश धुतल्यासारखे होते. वर्षभराच्या बदलीत या देवयोनीतल्या सेवकाने माणसाची एक विद्या हस्तगत केली: वाट पाहणे. म्हणून तो घरी जे मागतो ते घरचे चांदणे नाही, बाहेर राहून ओळखीचे झालेले चांदणे आहे. बहुतेक विवेचनांत पूर्वमेघ म्हणजे वाट आणि उत्तरमेघ म्हणजे साध्य, अशी विभागणी असते आणि अलका रामगिरीहून श्रेष्ठ मानली जाते. यक्ष स्वतः तसे मानतो की नाही, याची मला शंका आहे. निदान त्या एका ओळीत त्याने रामगिरीचा ऋतू अलकेत नेण्याचा बेत केला आहे.

कालिदासाच्या नावावरील 'ऋतुसंहारा'त तिसरा सर्ग संपूर्ण शरदाला दिलेला आहे. तेथे कास फुलतो, हंस बोलतात, शेते पिकतात. सारे आहे, आणि वाचून झाल्यावर फारसे काही राहत नाही. तेथला शरद कोणाचीच वाट संपवीत येत नाही, हे त्याचे कारण असावे. मेघदूतातला शरद एका ओळीचा, पण त्याच्यामागे वर्ष आहे.

रामगडाहून आम्ही मैनपाटला गेलो. साडेतीन हजार फुटांच्या आसपास उंचीचे हे पठार अंबिकापूरहून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर आहे. महाबळेश्वर किंवा पचमढी अशी त्याची ख्याती नाही, ही त्याची पहिली खूण. थंड हवेची नामांकित ठिकाणे मुळात कचेऱ्यांनीच वसविली. माथेरान १८५० मध्ये ठाण्याच्या कलेक्टरने शोधले. पचमढीला मध्य प्रांताचे सरकार उन्हाळ्यात फायलींसह जात असे. त्यामुळे तेथे गेलेल्या सरकारी नोकराला आपण साहेबाच्या बंगल्याभोवती फिरत आहोत असे वाटत राहते. मैनपाटला माझी आणि पहाडी कोरवा लोकांच्या वस्त्या आहेत, बॉक्साइटच्या खाणी आणि त्यांचे ट्रक आहेत, आणि १९६०च्या दशकाच्या आरंभी वसविलेली तिबेटी निर्वासितांची सात शिबिरे आहेत. शिबिरांभोवती टाऊ पेरलेला होता. हे धान्य तिबेट्यांनी येथे आणले, उत्तरेकडे त्यालाच कुट्टू म्हणतात. कार्तिकात तो फुलतो: पांढरट गुलाबी, गुडघाभर उंच, आणि उतारावरून खाली दरीच्या काठापर्यंत पसरलेला. सकाळी त्यावर दहिवर असते आणि उन्हे येईपर्यंत मधमाश्यासुद्धा गप्प असतात. जलजली नावाच्या ठिकाणी जमीन पायाखाली गादीसारखी हालते. तेथे एका शाळेच्या शिक्षिकेने, आजूबाजूस कोणी नाही याची खात्री करून, सात-आठ उड्या मारल्या. तिला इतके हसताना मी चार वर्षांत पाहिले नव्हते.

एकादशीचा दिवस तेथेच आला. छत्तीसगडात तिला जेठौनी म्हणतात. उसाची पूजा होते आणि त्या दिवसापासून राऊतांचा नाच सुरू होतो. साबुदाणा मिळेना. दुकानदार म्हणाला, टाऊचे पीठ उपासाला चालते. "आपल्याकडे चालते का हो?" असे तिने मला विचारले. जणू त्याचा शासननिर्णय माझ्या टेबलावर होता! मी चालते म्हणालो. संध्याकाळी शिबिरातून फिरताना कित्येक घरांना कुलपे दिसली. एका म्हाताऱ्या बाईने मोडक्या हिंदीत सांगितले की थंडी सुरू झाली, मुले शहरात लोकरीचे कपडे विकावयास गेली, ती माघ-फाल्गुनात येतील. रायपूरला हिवाळ्यात स्वेटर घेताना समोर जो तिबेटी तरुण असतो त्याचे घर असे कुलूप घालून राहते, हे माझ्या कधी ध्यानात आले नव्हते. आमच्या सुट्टीचा ऋतू हा त्यांच्या गावाबाहेर जाण्याचा ऋतू होता. आणि तिच्या आईबापांना तिबेट सोडताना कोणी अवधी ठरवून दिलेला नव्हता. यक्षाला एक वर्षाची शिक्षा, ही कुबेराची मेहेरबानीच म्हटली पाहिजे.

त्या रात्री चांदणे एकादशीचे, म्हणजे पुरते नव्हे, तरी टाऊच्या फुलांवर ते इतके होते की कंदिलाची गरज भासली नाही. पांघरुणे घेऊन आम्ही पडवीत बसलो, आणि मी उत्तरमेघाचा शेवट वाचून अर्थ सांगितला. ऐकून झाल्यावर तिने विचारले, "अहो, पण मग ते भेटले की नाही? कवीने भेट का लिहिली नाही?"

हा प्रश्न तिच्या आधी अनेकांना पडला होता, याचा पुरावा पोथ्यांत आहे. काही पोथ्यांच्या शेवटी जास्तीचे श्लोक सापडतात: कुबेराच्या कानावर हा निरोप गेला, त्याला दया आली, शाप मागे घेऊन त्याने दोघांची गाठ घालून दिली. हे श्लोक प्रक्षिप्त मानतात, आणि ते आहेतही तसेच, सामान्य. पण ते ज्याने रचले त्याच्यावर मला रागावता येत नाही. तो बिचारा कोणी तरी दूर राहणारा असावा. रजा मंजूर झाल्याचा हुकूम पाहिल्याशिवाय त्याला पोथी बांधून ठेववली नाही. त्याची चूक अशी की, त्याने कुबेराला दयाळू केले आणि अवधी मोडला. अवधी मोडला की दारातल्या फुलांना अर्थ राहिला नाही. कालिदासाचा यक्ष सवलत मागत नाही, चार महिने पुरे करीन म्हणतो. आणि शेवटी मेघाला एवढेच चिंतितो की तुझी आणि विजेची क्षणभरही ताटातूट न होवो. मूळ काव्य तेथे थांबते. भेट लिहिली असती तर तिचा ऋतुसंहार झाला असता. पत्नीला मी हे सर्व सांगितले. "तुमचे म्हणणे पटले," ती म्हणाली, "पण मला भेट लिहिलेली आवडली असती." हा अभिप्राय मी येथे नोंदवितो, कारण तो खोडून काढता येईल असे मला वाटत नाही.

या अनुरोधाने आपल्या मराठी लेखनाकडे पाहिले तर काय दिसते? दिवाळी अंकांतून डोंगरातल्या सुट्टीची वर्णने विपुल येतात. त्यांत सूर्योदय असतो, धबधबा असतो, निवेदक निसर्गाशी एकरूप होतो, आणि खानसाम्याच्या हातची कोंबडी उत्तम असते. नसते ते एकच, रजा. हा गृहस्थ कोठून आला, किती दिवसांसाठी आला, कोणाला मागे ठेवून आला आणि परत कोठे जाणार, यांपैकी काही कळत नाही. त्यामुळे त्याच्या आनंदाची खोली लागत नाही. पु. ल. देशपांड्यांना हे बरोबर कळले होते. 'अपूर्वाई' (१९६०) मध्ये विलायतेला पोचण्याआधी निघण्याची जी धांदल आहे, तिच्यामुळे पुढचा प्रवास एका विशिष्ट माणसाचा होतो.

याला एक मोठा अपवाद आहे, आणि तो माझ्या सिद्धांताला अडचणीचा आहे. दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' (१९५६) हे आपल्या भाषेतले ऋतूंचे सर्वश्रेष्ठ गद्य. चैत्रापासून बारा महिने त्यात आहेत. पण रजा नाही, अवधी नाही, कोणी कोणाची वाट पाहत नाही. महिना येतो तो आपल्या रंगांनिशी, झाडापानांनिशी, आणि लेखिका त्याला जागा करून देते. मग हे पुस्तक फिके का वाटत नाही? पुष्कळ विचार करून मी अशा समजुतीला आलो आहे की, दुर्गाबाई सुट्टीवर नाहीतच. मध्य प्रांतातल्या आदिवासी भागात संशोधनासाठी हिंडताना त्यांना विषबाधा झाली आणि पुढे काही वर्षे आजारात गेली. हे ठाऊक असून पुस्तक वाचले की प्रत्येक महिन्याकडे त्या परत मिळालेली वस्तू हाताळावी तसे पाहतात, असे जाणवते. पाहुण्याची नजर ती नव्हे. उरल्याच्या खोलीत मी ते पुस्तक एकेका महिन्याला एकेक प्रकरण असे वाचतो. खिडकीबाहेर त्यातले एकही झाड नसते. तरी, किंवा त्यामुळेच, उपयोग होतो.

परतीची गाडी पेंड्रा रोडला आली तेव्हा मध्यरात्र उलटली होती. याच पेंड्र्याहून माधवराव सप्रे या मराठी माणसाने १९०० मध्ये 'छत्तीसगढ़ मित्र' हे हिंदी मासिक काढले. पण फलाटावर अंधार होता आणि पत्नी झोपली होती. पुढे घाट उतरून बिलासपूर. या स्थानकावर रवींद्रनाथांची 'फाँकी' ही कविता लावलेली आहे, कारण तिचा मुख्य प्रसंग येथेच घडतो. 'पलातका' (१९१८) या संग्रहातली ही कविता आपल्या वाचकांनी अवश्य मिळवावी. बिनू ही आजारी तरुण पत्नी हवापालटासाठी नवऱ्याबरोबर प्रथमच एकत्र कुटुंबाबाहेर पडते. लग्नानंतर असा मोकळा सहवास दोघांना पहिल्यांदाच मिळतो, आणि वाटेतले प्रत्येक माणूस तिला आपले वाटू लागते. बिलासपूरला गाडी बदलण्यासाठी थांबावे लागते. तेथे रुक्मिणी नावाच्या हमालाच्या बायकोला मुलीच्या लग्नासाठी पंचवीस रुपये हवे असतात. बिनू नवऱ्याला ते द्यावयास सांगते. तो रुक्मिणीला बाजूला नेतो, दटावतो, दोन रुपये देऊन वाटेस लावतो, आणि बायकोला पैसे दिल्याचे भासवितो. दोन महिन्यांनी बिनू वारते; हे दोन महिने तू मला भरभरून दिलेस, या समाधानात. तो एकटा परततो आणि बिलासपूरला उतरून रुक्मिणीला शोधतो. ती सापडत नाही.

रजेच्या हिशेबाची इतकी कठोर कविता मी दुसरी वाचलेली नाही. बिनूचा आनंद खरा आहे, त्यात कवी कोठेही विष कालवीत नाही. खोटे आहे ते खात्यातले तेवीस रुपये. यक्षाने दहा दिवस गाळले ते पत्नीला धीर यावा म्हणून. या नवऱ्याने तेवीस रुपये गाळले ते आपला मोठेपणा राहावा म्हणून. दोन्ही फरक लहान रकमांचे. एकावर विरहाचे सर्वांत कोवळे काव्य उभे आहे, आणि दुसऱ्यावर आयुष्यभर न फिटणारे देणे. सुट्टीत माणूस उदार होतो असे आपण समजतो. मैनपाटच्या त्या म्हातारीकडून आम्ही टाऊचे पीठ घेतले होते, आणि तिने सांगितलेल्या किमतीत मी सवयीने पाच रुपये कमी करून घेतले होते. बिलासपूरच्या फलाटावर चहा घेताना मला ते आठवले. पत्नीला सांगितले. ती काही बोलली नाही. कप परत करून डब्यात चढली.

रायपूरला मी उतरलो. ती त्याच गाडीने दुर्गपर्यंत जाऊन पुढे वर्ध्याची गाडी धरणार होती. खिडकीतून तिने विचारले की उन्हाळ्याची सुट्टी लागावयास आता किती दिवस. मी पाच महिने म्हणालो. वरचे दहा दिवस मल्लिनाथाप्रमाणे मीही धरले नाहीत.